डावा खिळा, उजवा खिळा

मी एक जुनी फोटोफ्रेम आहे. हसू नका, मित्रांनो! भिंतीवर टांगून घेण्यापलीकडे हिला आयुष्यात काय काम असणार, असे तुम्हाला वाटले असेल. मलाही एके काळी तसेच वाटायचे. पण गेल्या वर्षी मला असे दोन धक्के बसले की माझी काच जागेवर कशी राहिली, याचेच नवल वाटते.

माझा जन्म एका सुताराच्या दुकानात झाला. कुणाच्या तरी दाराचे लाकूड उरले होते. ते फेकवेना, म्हणून सुतारकाकांनी त्याच्या चार पट्ट्या काढल्या, रंधा मारला आणि मला जोडले. काटकोन मापायचा गुण्या लावून त्यांनी माझा एकेक कोपरा तपासला. तिसऱ्या कोपऱ्यात केसभर फट दिसली, तेव्हा तो उखडून पुन्हा बसवला.

शेजारचा दुकानदार म्हणाला, "अहो, भिंतीवर कोण बघतंय?"

"मी बघतोय ना," सुतारकाका म्हणाले.

असे माझे बाबा. कॅलेंडरमधून कापलेला एक धबधबा पोटात घेऊन मी वर्षानुवर्षे त्यांच्या दुकानात राहिले. पुढे हात थरथरू लागले म्हणून त्यांनी दुकान बंद केले, निवृत्तांच्या क्लबात नाव घातले आणि जाताना मला भेट म्हणून बरोबर नेले.

क्लब म्हणजे तळमजल्यावरचा एक हॉल. वर्तमानपत्रांचे टेबल, चहाची मोठी किटली, कॅरमचा कोपरा आणि एकमेकांवर खेकसणारी प्रेमळ माणसे. दारातून आत येताच समोरच्या भिंतीवर दोन खिळे होते. मी उजव्या खिळ्यावर असले, तर माझ्यातल्या माणसाचा वाढदिवस. डाव्या खिळ्यावर असले, तर तो माणूस गेला. क्लबाकडे चांगली फ्रेम एकच, तेव्हा आनंदालाही मी आणि दुःखालाही मीच. सुरुवातीला सगळे माझे कौतुक करायचे. मग मला कुणी पाहीनासे झाले. खिळा तेवढा पाहायचे. फक्त झाडलोट करणाऱ्या मावशी रोज पदराने माझी काच पुसायच्या.

माझ्या बाबांचा तिथला जिवलग म्हणजे पोस्टमनकाका. आयुष्यभर गावाची पत्रे वाटलेली, त्यामुळे पाय आणि जीभ दोन्ही न थकणारे. बाबांनी क्लबासाठी स्वतः कॅरमबोर्ड बनवला आणि दोघे रोज त्याला चिकटून बसू लागले. पोस्टमनकाका एकदा ओळीने हरत चालले होते. राणी भोकाच्या तोंडाशी येऊन वळली, तसा त्यांचा तोल सुटला. "डाव कसा लागायचा? तुझ्या बोर्डालाच उतार आहे!"

सगळा हॉल ऐकत होता. बाबांनी सोंगट्या डब्यात भरल्या, बोर्ड उचलला आणि माझ्या खाली भिंतीला टेकवून ठेवला. क्लबाने बाजारातून दुसरा बोर्ड आणला. त्यानंतर दोन वर्षे त्या दोघांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना. एक चहाला आला की दुसरा पाण्याला जायचा. मला बाई हे बघवत नसे.

मग गेल्या वर्षी हॉलला रंग काढला. रंगाऱ्याने दोन्ही खिळे उपटले आणि जाताना एकच परत ठोकला. डावा.

दुसऱ्याच दिवशी पोस्टमनकाकांचा वाढदिवस होता. क्लबाच्या सचिवबाई मुलीकडे गेलेल्या. त्यांनी तिथून मावशींना फोनवर सांगितले, "पोस्टमनकाकांचा फोटो लावा." मावशींनी फोटो माझ्यात सरकवला आणि भिंतीवर होता त्या खिळ्याला मला अडकवून त्या भाजी आणायला गेल्या. मी टांगल्या टांगल्या हादरले. अगं, हा डावा! पण मला तोंड कुठे आहे?

माणसे येऊ लागली. दारातच थबकू लागली. अध्यक्ष म्हणजे भोंगाकाका. स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा करून निवृत्त झालेले. त्यांचाही आवाज बसला. "परवा तर माझ्याशी भांडला होता," एवढेच ते पुटपुटले. मला मोठा धक्का याचा बसला की इतक्या शहाण्या माणसांपैकी एकानेही त्यांच्या घरी फोन केला नाही. खिळा डावा, म्हणजे संपलेच!

दोन मिनिटे सगळे उभे राहिले. भोंगाकाकांनी गाडी उशिरा येत असल्याच्या सुरात शोक व्यक्त केला. मग माझे बाबा पुढे आले. चेहरा पार उतरला होता.

"तो बरोबर बोलला होता," ते म्हणाले. "बोर्डाला उतार होता. मलाच मान्य करवलं नाही. दोन वर्षं फुकट घालवली. आता कुठे जाऊन सांगू त्याला?"

माझ्या कानांवर माझा विश्वास बसेना. बाबांच्या हातून उतार? केसभर फटीसाठी कोपरा उखडणाऱ्या माणसाच्या हातून?

एवढ्यात दारातून आवाज आला. "सगळे उभे का? मिठाई बसूनही खाता येते!"

पोस्टमनकाका! हातात मिठाईचा खोका. त्यांनी सगळ्यांचे चेहरे पाहिले, मग मला पाहिले, मग खिळा पाहिला. खोका हातातून निसटला.

"मी... कधी?" त्यांनी विचारले.

कुणी किंचाळले, कुणी खुर्चीत कोसळले. बाबांनी मात्र धावत जाऊन त्यांना असे कवटाळले की पोस्टमनकाका ओरडले, "अरे, आता खरंच मारशील!" मग जो हशा उसळला तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही.

त्या दिवशी क्लबाने दोन गोष्टी ठरवल्या. उजवा खिळा लगेच ठोकायचा, आणि माणसाबद्दलचे चांगले बोल त्याच्या वाढदिवशी त्याच्या समोरच बोलायचे. शिवाय बाबांना नवे नाव मिळाले. 'उतारकाका'. बाबा हसून घ्यायचे. पोस्टमनकाका मात्र त्या नावाला कधी हसायचे नाहीत.

बाबा म्हणायचे, "तो बोर्ड काढून टाकू या. लाज आणतो मला."

"राहू दे रे," पोस्टमनकाका म्हणायचे. "तुझ्या वाढदिवसाला सगळ्यांसमोर एक गोष्ट सांगायची आहे मला."

"आत्ता सांग ना."

"थांब जरा. घाई काय आहे?"

वाढदिवस जवळ आला होता. एका सकाळी मावशी हॉल उघडतात न उघडतात तोच फोन वाजला. त्यांनी तो घेतला आणि ऐकून खाली ठेवला. मग कपाटातून बाबांचा फोटो काढला. माझी काच त्यांनी दोनदा पुसली. मला वाटले, आज जरा लवकरच वाढदिवस. त्यांनी मला उचलले आणि डाव्या खिळ्यावर अडकवले.

माझे बाबा. माझ्यात.

माणसे आली, आणि मित्रांनो, ती हसली! "मावशी, पुन्हा?" "अहो, वाढदिवस पुढच्या आठवड्यात, आणि खिळाही चुकला!" पोस्टमनकाका सगळ्यांत मोठ्याने हसत होते. मावशींना शब्द फुटेना. त्या केरसुणी धरून कोपऱ्यात रडत होत्या आणि लोकांना वाटले, चूक केली म्हणून रडतात.

"थांबा, या वेळी फोन करून खात्री करू," पोस्टमनकाका म्हणाले. "त्याला सांगू, तुझी गाडी सुटली म्हणून." त्यांनी फोन लावला. पलीकडे बाबांची सून होती. पोस्टमनकाकांचे हसू तोंडावर तसेच राहिले आणि हात खाली आला.

पोस्टमनकाका कितीतरी वेळ दाराकडे बघत उभे होते. मला ठाऊक आहे, ते बाबांची वाट बघत होते. मिठाईचा खोका घेऊन ते स्वतः नव्हते का आले तसेच?

मग ते माझ्यापाशी आले. खाली टेकवलेला बोर्ड त्यांनी उचलला, टेबलावर ठेवला आणि स्ट्रायकर त्यावर कडेवर उभा करून हात काढून घेतला. स्ट्रायकर उभा राहिला. जराही घरंगळला नाही.

"बघा," ते म्हणाले. "उतार नव्हता. कधीच नव्हता. मी हरत होतो म्हणून बोललो. त्यालाही माहीत होतं उतार नाही ते. मी मेलो असं समजून त्यानं ते स्वतःवर घेतलं, आणि मी... मी वाढदिवसाची वाट बघत बसलो."

मग ते माझ्याकडे वळले. "ऐकतोयस ना रे?" असे त्यांनी पुन्हा पुन्हा विचारले. आयुष्यभर ज्यांनी एक कोपरा वाकडा ठेवला नाही, त्या माझ्या बाबांनी मित्रासाठी आपले नाव वाकडे करून घेतले होते, आणि ते सरळ झाले तेव्हा बाबा हॉलमध्ये नव्हते.

आता सगळे त्याच बोर्डावर खेळतात. मी अजून भिंतीवर आहे.

मित्रांनो, तुमच्या घरातही अशी एखादी फ्रेम असेल. तिची धूळ जरूर पुसा, आम्हाला बरे वाटते. पण ज्याच्याशी बोलायचे राहून गेले आहे, त्याला आधी गाठा. वाढदिवसाची वाट पाहू नका. फ्रेममधला माणूस सगळे ऐकतो आहे असे बाहेरून वाटते खरे. पण मी बाबांना छातीशी धरून होते, म्हणून सांगते. त्यांना काही ऐकू आले नाही.