पाणी येतं त्या हाताला

साहेबराव आप्पांनी उभ्या हयातीत कुणाला डावं-उजवं म्हणून वाट सांगितली नाही. खुटबावच्या कालव्यावर वाढलेला माणूस. कुणी रस्ता विचारला की म्हणायचे, पाणी येतंय त्या हाताला जा, नाहीतर पाणी जातंय त्या हाताला जा. गावात हे सगळ्यांना कळायचं. कोचीत कळेल का, हा प्रश्न त्यांच्या मुलीला, राजश्रीला, सकाळी मट्टनचेरीच्या धक्क्यावर बोटीतून उतरल्यावर पडला.

तिच्या हातात लाकडी मुठीची एक काळी छत्री होती. तीस वर्षं आप्पांनी कांद्याचा ट्रक इथवर आणला. शेवटच्या खेपेला, भर आषाढात, इथल्या एका बाईनं त्यांना ही छत्री दिली आणि ती परत करायची राहून गेली. पुढं आजारपणात जेवता जेवता मध्येच थांबायचे. "त्या बाईची छत्री ऱ्हायली बघ," म्हणायचे. दुसरं काही राहिल्याचं ते कधी बोलले नाहीत. दिवाळीच्या तोंडावर आप्पा गेले. महिन्याभरानं राजश्रीनं दौंडच्या कॉलेजातल्या ग्रंथालयातून चार दिवसांची रजा काढली आणि गाडीत बसली.

बाईचं नाव आप्पांनी कधी सांगितलं नव्हतं. खुणा मात्र ऐकून ऐकून तिलाही पाठ झाल्या होत्या. "कांद्याच्या गोदामापासनं निघायचं. आल्याचा वास येईल तिकडं चालायचं. वास सरला का पाणी दिसतंय. पाणी येतंय त्या हाताला वळायचं. मोठ्या झाडाखाली निळं दार हाय."

ती चालू लागली. लहानपणी ऐकताना तिनं या गल्ल्या यवतच्या बाजारपेठेच्या मापानं मनात बांधल्या होत्या, त्यात कासुर्डीची धूळसुद्धा घातली होती. इथं धूळ नव्हती. भिंतींवर शेवाळ होतं, कौलांतून गवत उगवलं होतं, आणि हत्ती जाईल एवढ्या दारांच्या आत अंधारात मिऱ्यांची पोती निजली होती. तरीही एकेक वळण ओळखीचं वाटत होतं, जणू कुणी तिच्या चार पावलं पुढं चालतंय आणि कोपऱ्यावर थांबून मागं बघतंय. आल्याचा वास आला, दाट झाला, विरला. समोर पाणी.

पाण्यावरून जलपर्णीचे पुंजके चालले होते, थेट दौंडच्या भीमेतल्यासारखे. तिनं नीट पाहिलं. पुंजके समुद्राकडे जात होते, म्हणजे पाणी येतं ते उलट्या बाजूनं. ती तिकडे वळली. गल्ली अरुंद होत गेली आणि एका बंद शेडपाशी संपली. झाड नाही, दार नाही. तिनं शेजारच्या तीन गल्ल्या पायाखाली घातल्या. चहावाल्याला हिंदीत विचारलं, तर तो म्हणाला, "निळं दार? इथं निम्मी दारं निळी आहेत."

दुपारी पायरीवर बसून तिनं भावाला फोन लावला. सतीश शेतात होता.

"घावलं का घर?"

"नाही रे."

"ताई, आप्पांच्या पत्त्यावर तू केरळात गेलीस? ते मला पुण्यातबी पाणी येतंय तिकडं वळ म्हनायचे. मी म्हनलं, आप्पा, हितं टँकर येतोय."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी.

"देवळात ठेव एखाद्या आन् निघ," तो हलक्या आवाजात म्हणाला. "त्यांना काय कळतंय आता."

"मला कळतंय ना," ती म्हणाली.

फोन ठेवून ती पुन्हा पाण्याकडे आली. परतीची बोट धरायची होती. एका पुंजक्यात कुणाची तरी लाल चप्पल अडकलेली तिनं सकाळी पाहिली होती. तोच पुंजका, तीच चप्पल, आता समुद्राकडून सावकाश परत येत होती.

राजश्री बघत राहिली. भरती-ओहोटी तिनं किती पुस्तकांत वाचली होती. पण ती कालव्याची मुलगी. पाणी एकदा गेलं की गेलं, हे तिच्या अंगात मुरलेलं. आणि आप्पांचा माल उतरायला कायम दुपार व्हायची. पहिल्यांदा ते इथं उभे राहिले असतील ते याच वेळी, त्या दिवशी भरतीच लागली असेल, आणि पाणी येतंय ते त्यांना समुद्राकडूनच दिसलं असेल.

ती त्या हाताला वळली. शंभर पावलांवर मोठं झाड होतं. दार आता पिवळं होतं, पण बिजागरीपाशी जुना निळा रंग राहिला होता. ओट्यावर चटईभर पापड वाळत होते आणि एक म्हातारी काठी घेऊन कावळे हाकत होती.

तिची नजर आधी छत्रीवर गेली. मुठीला आप्पांनी ट्रकमधली तांब्याची तार गुंडाळली होती. म्हातारीनं तारेवरून बोट फिरवलं.

"तो खंय?" ती कोकणीत म्हणाली, इथल्या जुन्या कोकणी घरांत बोलतात तशी.

एवढं राजश्रीला कळलं.  तिनं नकारार्थी मान हलवली.  म्हातारीनं छत्री हातात घेऊन उघडून पाहिली. ट्रकच्या केबिनमधली कांद्याची टरफलं घडीतून निसटली आणि पांढऱ्या पापडांवर पडली, पातळ, गुलाबी. म्हातारीनं ती झटकली नाहीत. छत्री मिटून तिनं दारामागच्या मोकळ्या खिळ्याला अडकवली.

आता आप्पांचं काहीच राहिलेलं नव्हतं. राजश्रीला एकदम हात रिकामे वाटले.

म्हातारीनं ओट्याच्या सावलीतल्या कडेवर थाप मारली आणि तिला बसवलं. मग पापडांकडे बोट दाखवून तळहात उलटा करून दाखवला. इथं तो बसायचा. हे त्याचं काम.

घरी आप्पांनी कधी स्वतःचं ताटसुद्धा उचललं नव्हतं. आईला सांगितलं तर पटायचं नाही.

राजश्रीनं पहिला पापड उचलला. एका बाजूनं तो उन्हानं कडक झाला होता, दुसरीकडून अजून मऊ होता. तिनं तो उलटून ठेवला, मग शेजारचा. बोटी दोन सुटून गेल्या. सगळी चटई उलटून होईपर्यंत ती उठली नाही, आणि तोवर गल्लीच्या टोकाचं पाणी पुन्हा समुद्राकडे वळायच्या आधी थबकलं होतं.