प्राजक्ताचा महिना

आमच्या घरात सात माणसं एकाच दिवशी जन्मली आहेत, एक जुलैले. मी, माहा मोठा भाऊ खुशालराव, बहीण जाईबाई, धाकटा गोपाल, माहा नवरा, सारेच. आता काय सांगू! पोराले शाळेत नेलं की गुरुजी त्याचा हात डोक्यावरून दुसऱ्या कानाले लागते का ते पाहत, लागला की एक जुलै लिहून मोकळे होत. मी स्वतः मास्तरीण आहो, अकोल्याच्या शाळेत. नोकरीच्या सुरुवातीले मी बी कित्येक पोरांले एक जुलै चिकटवली. तवा त्याचं काई वाटलं नाई.

वाटलं ते दोन हजार सातच्या डिसेंबरात, घरच्या घरी फोटोचं कॅलेंडर कराले बसली तवा. आमच्या शाळेतल्या एका बाईच्या भाचीनं पुण्यावरून असं कॅलेंडर पाठवलं होतं, ज्याचा वाढदिवस ज्या महिन्यात त्याचा फोटो त्या पानावर. मी ठरवलं, चार करायचे. एक वलगावले मायकडे, एक अमरावतीले खुशालरावकडे, एक जाईबाईले, अन् एक आमच्या घरी. पण सारे जुलैत जन्मले तं बाकीच्या अकरा महिन्यांत काय लावू, माहं कपाळ?

आमचे शेषराव, म्हणजे माहे यजमान, पेपराच्या आडून बोलले, "कॅलेंडर तं फुकट भेटते. बियाणंवाला देते, दवाईवाला देते, बँक देते. तू काहून मरून राहिली?"

"तुमी पेपर वाचा गपचूप."

"पेपरात काय वाचू? रोज तेच. आज यवतमाळचे दोन कास्तकार गेले, आपल्या जिल्ह्यातला एक." त्यांनी पेपराची घडी घातली अन् उशीखाली ठेवली. त्या वर्सांत आमच्या घरी पेपर असाच अर्धा वाचला जाय.

मी काहून मरून राहिली होती ते मी त्यांले सांगितलं नाई. इथं सांगते, लपवून काय करू. मले भीती होती प्राजक्ताची. प्राजक्ता म्हणजे आमच्या गोपालची बायको. गोपाल वलगावजवळच्या एका जिनिंगमधी कापसाच्या काट्यावर होता. जिनिंग बंद पडली, दोन वर्सं हा इकडे तिकडे हिंडला, अन् दोन हजार दोनच्या दिवाळीनंतर सुरतेले जातो म्हणून गेला. चार महिने फोन आले. मंग फोन बी नाई अन् पत्ता बी नाई. खुशालराव दोन डाव सुरतेले जाऊन आले, रिकाम्या हातानं आले. पोरबाळ नाई, नवऱ्याचा ठाव नाई, अन् ही पोरगी पाच वर्सांपासून माह्या मायचं हागणंमुतणं काढून राहिली. मायचे गुडघे गेले, एका डोळ्यानं दिसत नाई. आता प्राजक्ताच्या रिद्धपूरच्या भावानं एक स्थळ आणलं होतं. बायको मेलेला माणूस, अकोल्यात हार्डवेअरचं दुकान. वकील पाहून फारकतीचं करून घेऊ म्हणे. ती हो म्हणाली नव्हती, नाई बी म्हणाली नव्हती.

ती गेली तं माय कोणाकडे? खुशालरावची बायको मायले आठ दिवस ठेवत नाई. म्हणजे माय माह्याकडे. सकाळची शाळा, दुपारचं पोषण आहाराचं रजिस्टर, घरी यांची शुगर, अन् वरून माय. मी थकली होती हो. माहं आंग आता ऐकत नाई. म्हणून म्हटलं, कॅलेंडर करू, तिले वाटलं पाहिजे की आपण ह्या घरचे आहो. प्रेमानं केलं असं म्हणाले गेली तं माही जीभ झडीन.

जन्माचे महिने विचाराले मी मायले फोन लावला. मायले तारीख कोणाचीच माहीत नव्हती, पण दिवस पाठ.

"खुशाल धुळवडीचा," माय म्हणाली. "गावातले पोट्टे बोंबलून राहिले होते, अन् मी अंदर बोंबलत होती. तू पोयाच्या करीची. जाई अकाडीची. गोपाल सकरातीचा, बाई, तियगूय बी तोंडात घालू देला नाई मले."

मी वहीत लिहून घेत होती. धुळवड म्हणजे मार्च, पोळ्याची कर म्हणजे ऑगस्ट, आखाडी जुलैत. गोपाल जानेवारीत. माह्या मनात होतं गोपालले लावावं की नाई. पाच वर्सांत मायनं त्याचा फोटो भिंतीवर टांगू देला नव्हता. आमच्या इकडे भिंतीवर एकट्या माणसाचा फोटो लागला की त्याले हार येतेच.

"कॅलेंडरावर जिते माणसं ऱ्हायतात ना व?" मायनं विचारलं.

"हो माय."

"मंग लाव त्याले. अन् चतुर्थ्या, एकादशा लाल शाईनं टाकजो. नाईतं मले काय कामाचं थे!"

झालं, ते एक नवं लफडं लागलं. आठ दिवस शाळेतून आली की चहा घेऊन मी टेबलावर बसायची. आखीव चौकटी एकदा काढल्या, त्याच्या झेरॉक्स काढल्या, मंग छापील कॅलेंडर पुढ्यात ठेवून एकेक चतुर्थी, एकेक अमावस्या चारही कॅलेंडरांत हातानं लिहिली. फोटोंच्या रंगीत झेरॉक्स जाड कागदावर चिकटवल्या. गोंद जास्त झाला की फोटोले फुगे येत, कमी झाला की कोपरे उठत. शेषराव येता-जाता म्हणत, "चालू द्या, सरकारी छापखाना." मान धरली, बोटं चिकट झाली, जाईबाईच्या नवऱ्याचं नाक दोनदा फाटलं. प्राजक्ताचा फोटो गोपालसंग जानेवारीत लावला, लग्नातला, दोघांच्या मुंडावळ्या दिसतात तो. नोव्हेंबरसाठी कोणी भेटलं नाई, तिथं खुशालरावच्या नव्या स्लॅबच्या घराचा फोटो टाकला. झेरॉक्सवाल्याकडून वरून तार बांधून आणली. चार कॅलेंडरं समोर ठेवली तवा, खरं सांगते, मले माहंच कौतुक वाटलं.

तीस डिसेंबरले रविवार होता. सकाळची एस.टी. धरून अमरावती, तिथून वलगाव. प्राजक्तानं पोहे केले होते, मायची वेणी घातली होती. मायले दिसत नाई म्हणून मी तिचं बोट धरून गोपालच्या तोंडावर फिरवलं. ती लय वेळ त्या पानावरून हात काढेना.

मंग कॅलेंडर प्राजक्तानं घेतलं. उभ्या उभ्या एकेक पान पलटवलं. डिसेंबरपावतर गेली. मंग मागं आली. मंग पुन्हा पहिल्यापासून.

"मी कोणत्या महिन्यात आहो, ताई?"

"हे काय, जानेवारीत. गोपालसंग."

"थो फोटो माहा नाई. थो लग्नाचा हाय."

मले झणका आला. आठ दिवस मान मोडली ती कोणासाठी! "एवढं मरमर केलं, अन् तू खोट काढून राहिली? तुही जन्मतारीख माहीत असती तं नसती का लावली? तुह्या बी दाखल्यावर एक जुलैच आहे!"

"तुमच्या बी दाखल्यावर एक जुलै हाय." तिचा आवाज चढला नाई. "तुमी आईले साऱ्यांचं इचारलं. फोन मीच धरून होती आईच्या कानाले. मले वाटलं, आता प्राजक्ताकडे फोन दे म्हणान. तुमी म्हटलं, फोन ठेवते."

तिनं नोव्हेंबरचं पान उघडून ठेवलं होतं. खुशालरावचं घर, त्याचं लोखंडी फाटक, फाटकावर बांधलेलं लिंबू.

खाटेवरून मायनं विचारलं, "काय झालं व?"

"काई नाई, माय."

"नाई कसं? मले दिसत नाई, आयकू येते." माय जरा सावरून बसली. "अकरा वर्सं झाले हे पोरगी ह्या घरात. म्या बी कदी इचारलं नाई. कवाची व तू, प्राजक्ता?"

प्राजक्ता कॅलेंडर खाली ठेवून मायच्या पायथ्याशी बसली. "कौंडण्यपूरच्या यात्रेतली. माही माहेरची आई सांगे, दमणीले बैल जुतले होते, शिदोरी बांधली होती, अन् तिचं पोट दुखाले लागलं. सारे यात्रेले जायचे ऱ्हायले."

कार्तिकातली यात्रा. म्हणजे नोव्हेंबर. त्या पानावर मी स्लॅब लावला होता. मले एवढी शरम वाटली की मी उठून मोरीत जाऊन उगाच हात धुतले.

मी म्हटलं, आत्ता बदलते, मले कात्री दे, तुहा फोटो दे. फोटोची पेटी काढली. अन् आमी दोघी धुंडत बसलो. अकरा वर्सांचे फोटो, बारशे, साक्षगंध, खुशालरावची वास्तू. एकात पंगत बसली आहे अन् वरणाची वाटी धरलेला तिचा हात आहे. एकात मायच्या मांगं तिचा पदर. एकात तोंड आहे तं ते जाईबाईच्या पोराले फुगा बांधून देताना खाली वाकलेलं. एकटीचा एक नाई. पेटी बंद करताना ती हसली, अन् मले त्या हसण्याचा राग आला नाई, रडू आलं.

"चाल," मी म्हटलं. "लुगडं बदल. स्टुडिओत जाऊ."

मायनं मागून सांगितलं, "हिरवं नेस व, लग्नातलं नोको."

बसस्टँडजवळ अब्दुल गफ्फारचा स्टुडिओ आहे. आमच्या गोपालच्या वर्गातला तो. एक पडदा, एक प्लास्टिकची कुंडी, एक उंच स्टूल. त्यानं प्राजक्ताले पाहिलं, मले पाहिलं, अन् कामाचं विचारलं, "मॅडम, फोटो कायच्यासाठी? फॉर्मले लागत असीन तं नुसता चेहरा घेतो. रिश्त्यासाठी असीन तं उभा, कुंडीपाशी. दोन्ही अलग राहतात म्हणून इचारलं."

"कॅलेंडरले," मी म्हटलं.

"कॅलेंडरले?" तो जरा घोटाळला. "मंग कसा घेऊ? बसून का उभा?"

मी तोंड उघडायच्या आधी प्राजक्ता बोलली. "भाऊ, दोन्ही काढा."

गफ्फार लाइट नीट कराले गेला. प्राजक्तानं माह्याकडे पाहिलं नाई. पडद्याकडे पाहत म्हणाली, "भावानं मांगला हाय, ताई. तीन महिने झाले, थे लोक फोटो मांगून राहिले. एकटीनं इथं यायची हिंमत होत नव्हती. आज तुमी आणलं."

घ्या! मी तिले घरात बांधून ठेवाले आली होती, अन् मीच तिले हाताले धरून इथवर आणून सोडलं. मले कोणाले तरी हासडून शिवी द्यावी वाटली. गोपालले द्यावी तं तो कुठं आहे ते माहीत नाई. माह्या डोळ्यांपुढं आमचं अकोल्याचं घर आलं, दोन खोल्या, पलंगाच्या बाजूले मायची खाट, सकाळी साडेसहाची शाळा. ती म्हणाली असती की नोको ताई, राहू द्या, तं मी तिले काढ म्हटलं असतं का? देव जाणे. ती स्टुलावर जाऊन बसली.

पहिला फोटो झाला, बसून, नुसता चेहरा. गफ्फार म्हणाला, "चांगला आला, भाभी." तो तिले भाभीच म्हणत होता, गोपालचा दोस्त ना तो.

दुसऱ्यासाठी ती कुंडीपाशी उभी राहिली. गफ्फारनं कॅमेऱ्यातून पाहिलं, मंग बाजूले झाला. तिच्या गळ्याकडे पाहून उगाच लेन्स पुसाले लागला. प्राजक्ताले समजलं. तिचा हात गळ्याकडे गेला, मंगळसूत्रापाशी गेला, अन् तिथंच थांबला. पाच वर्सांत तिनं ते आंघोळीले बी काढलं नव्हतं. लाइटची गरमी तोंडावर, डोळे भरले, अन् ते पुसाले बी तिचा दुसरा हात वर येईना.

"थांब," मी म्हटलं.

मी पुढं गेली. माह्या भावाच्या नावाचं मंगळसूत्र मी माह्या हातानं तिच्या पोलक्यात सारलं. पदर गळ्यापावतर ओढून घेतला, खांद्यावरची पिन काढून पुन्हा नीट लावली. माह्या रुमालानं तिचे डोळे पुसले. ती माह्याकडे पाहून राहिली होती, मी तिच्या पदराकडे.

"काढा आता, गफ्फारभाऊ," मी म्हटलं. "लवकर करा. माय घरी एकटी आहे."