तीन परस

उसाच्या मुलखात समुद्र शिकवायचा म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या. बारामतीच्या एका कॉलेजात योगिनीबाई एकोणीस वर्षं हेच करत होत्या. स्वतः रत्नागिरीकडच्या, बाप मासेमार, आणि नशिबानं येऊन पडल्या कारखान्याच्या धुराड्याशेजारी. समुद्राचा तळ कसा मोजायचा, खाली खडक आहे की गाळ हे वर बसून कसं ओळखायचं, हा त्यांचा विषय. यंदा वर्गात पाचच टाळकी उरली होती, आणि वर्ग बंद करावा का यावर दोन मीटिंगा झाल्या होत्या. बाई थकल्या होत्या. आणि हा काही एका दिवसाचा शीण नव्हता.

पाचांत खरी कामाची एकच, निमगाव केतकीची उत्कर्षा. तिला सर्वेक्षणाच्या जहाजावरचं प्रशिक्षण हवं होतं. जागा सहा, अर्ज देशभरातून. मागच्या वर्षी एका जागेनं हुकलं होतं, आणि वयाच्या अटीत बसायचं हे शेवटचं वर्ष. अर्जासोबत स्वतः मोजलेल्या तळाचा नकाशा शुक्रवारी पाचच्या आत पाठवायचा होता. समुद्र नाही तर उजनी धरणाचं पाणी तरी, म्हणून शुक्रवारी सकाळीच दोघी पळसदेवला गेणबा नावाच्या म्हाताऱ्या नावाड्याच्या होडीत बसल्या.

होडीला बांधलेलं यंत्र पाण्यात आवाज सोडायचं. तो तळावर आपटून परत यायला किती वेळ लागला, त्यावरून खोली सांगायचं. खडक असला की पडद्यावर रेघ ठसठशीत, गाळ असला की फिकी, पसरट. यंत्र खरं बोलतंय का हे बघायला म्हणून एका खडकाळ जागी गेणबांनी दगड बांधलेला दोर सोडला. दोराच्या गाठी त्यांनी स्वतः मारलेल्या. दगड टेकला तसे म्हणाले, "बराबर तीन परस."

बाईंचे वडील दोर दोन्ही हात पसरून मोजायचे. त्याला ते वाव म्हणत, आणि वाव म्हणजे सहा फूट. इकडं त्यालाच परस म्हणत असतील, असं बाईंनी धरलं. तीन परस म्हणजे अठरा फूट. यंत्र मात्र एकवीस सांगत होतं.

"मॅडम, परस सहा फुटांचा नसतो," उत्कर्षा म्हणाली.

"अगं, गावाकडची मापं ती. लिही अठरा."

पुढं दोन परसांवर यंत्रानं चौदा दाखवलं, बाईंच्या हिशोबानं बारा. पाणी खोल तसा फरक जास्त. बाईंना कारण लगेच सुचलं, आणि दमलेल्या माणसाला पहिलं सुचलेलं कारण फार गोड लागतं. खाऱ्या पाण्यात आवाज जरा जोरात धावतो, गोड्यात हळू. यंत्र समुद्राच्या मापावरच राहिलंय, म्हणून खोली फुगवून सांगतंय.

"मी सकाळीच गोड्या पाण्यावर लावलंय, मॅडम," उत्कर्षा म्हणाली.

"राहून गेलं असेल," बाई म्हणाल्या.

दुपारी काठावर लॅपटॉप उघडून बाईंनी सगळ्या खोल्या कमी करायला सांगितल्या, तेव्हा पोरगी पुन्हा बोलली. "मिठाचा फरक शंभरात दोन-तीन, तुम्हीच शिकवलंय. हा तर सहा फुटांमागं एक फूट आहे."

खरं तर इथं बाईंनी थांबायला हवं होतं. पण कंबर ठणकत होती, डोळ्यांत ऊन खुपत होतं, आणि एकोणीस वर्षांत आपलं कुणी ऐकलं नाही ही खुन्नस त्यांनी नेमकी ऐकणाऱ्या पोरीवर काढली. "उत्कर्षा, सांगितलं तेवढं कर." पोरीचं सांगणं पालथ्या घड्यावरचं पाणी ठरलं. पोरीनं मुकाट्यानं खोल्या कमी केल्या आणि सव्वाचारला नकाशा पाठवून दिला.

मग गेणबांच्या बायकोनं, मुक्ताबाईंनी चहा केला. कप हातात घेऊन गेणबा पाण्याकडं बघत म्हणाले, "तितं खाली आमची हीर हाय, बाई. बापानं खांदलेली. सात परस."

"सात वाव म्हणजे बेचाळीस फूट की," बाई आपलं बोलायचं म्हणून बोलल्या.

"वाव कुठली? वाव दोरखंडाची. परस खोलीचा, हिरीचा." म्हातारा कप ठेवून उठला आणि दोन्ही हात वर करून उभा राहिला. "पायापासनं हितवर. हात वर केलेला माणूस बुडंल, तेवढा एक परस."

"सात फूट भरतंय," मुक्ताबाई म्हणाल्या. "पोरीला इचारा की. शेतकऱ्याची लेक हाय ती."

सोनारानंच कान टोचले. तीन सत्ते एकवीस, दोन सत्ते चौदा. यंत्र सकाळपासून खरंच बोलत होतं. त्यांनी उत्कर्षाकडं पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"आमची विहीर नऊ परस आहे, मॅडम."

मग बोलली का नाहीस, हे विचारायची सोय बाईंनी स्वतःच ठेवली नव्हती. त्यांना स्वतःची लाज वाटली, अगदी रडू येईल इतकी.

साडेचार वाजून गेले होते. पाठवलेला नकाशा परत घेता येत नव्हता. फक्त अर्जातली मार्गदर्शकाच्या अभिप्रायाची चौकट अजून रिकामी होती. तिथं चार गोड ओळी लिहायच्या असं बाईंनी ठरवलं होतं. पण त्याची प्रत कॉलेजलाही जाणार होती, आणि आता खरं लिहिलं तर कॉलेजला वर्ग बंद करायला आयतं निमित्त मिळणार होतं. म्हणणारे म्हणतील, ज्या बाईला उजनी मोजता येत नाही ती समुद्र काय शिकवणार. आणि त्यांचं चूक तरी कसं म्हणणार?

"तुझी मूळ मोजणी कुठंय?"

उत्कर्षानं वही पुढं केली. पेन्सिलीनं लिहिलेला एकेक आकडा जागेवर होता. बाईंनी त्या पानांचे फोटो जोडले आणि फोनवर एका बोटानं लिहिलं: "सोबतचा नकाशा चुकीचा आहे. चूक माझी. मुलीची मूळ मोजणी बरोबर होती. ती जोडली आहे. तिनं मला दोनदा सांगितलं, मी ऐकलं नाही."

"वाच," म्हणत त्यांनी फोन उत्कर्षाकडं दिला. पोरीनं सावकाश वाचलं, परत एकदा वाचलं. तिचा आवाजही दमलेला होता.

"दोनदा नाही, मॅडम. तीनदा."

बाईंनी फोन परत घेतला, दोनदा खोडून तीनदा केलं आणि पाठवलं.