चालकाच्या सीटवरची उशी

थोरलीच्या पोटात दुखायला लागलं ते एका उशीवरून. आता उशीवरून कोणाच्या पोटात दुखतं का? पण दुखलं, आणि चांगलं सात वर्षं दुखलं.

दोघी सख्ख्या बहिणी. थोरली बोटी बांधायची, धाकटी विकायची. बोटी मौजेच्या, म्हणजे सुट्टीच्या दिवशी घरच्यांना घेऊन तलावात चार फेऱ्या माराव्यात आणि भिजून घरी यावं, अशा पाच-सहा माणसांच्या. कारखाना बाबांचा. मागे शेड, तिथे थोरली. पुढे काचेची शोरूम, तिथे धाकटी. मधल्या दारात खुर्ची टाकून बाबा बसायचे, तेही तोंड शोरूमकडे करून. थोरलीच्या वाट्याला बाबांची पाठ.

शेडमधलं काम म्हणजे अंगाची नुसती खाज. साच्यात फायबरचं कापड अंथरायचं, त्यावर रेझिन ओतायचं आणि रोलर फिरवत आतला बुडबुडा न् बुडबुडा बाहेर काढायचा. एक राहिला तरी बोट तिथेच दगा देणार. फायबरची कुसं तिच्या मानेत, कोपरात, गादीतसुद्धा शिरलेली. शेवटी चालकाची सीट बसवायची. तिथे बाबांची एक शिस्त होती: सीटची उंची टेपने मापायची नाही, ज्याने बोट बांधली त्याने स्वतः बसून बघायचं. समोरच्या काचेवरून पुढचं नीट दिसलं की तिथे खूण करून बोल्ट आवळायचे. बाबा तसंच करत आले, त्यांच्यामागे थोरलीही तसंच करत आली.

आणि एवढं सगळं झाल्यावर, बोट चकचकीत होऊन शोरूममध्ये गेली की धाकटी यायची, इस्त्रीच्या कपड्यात, आणि त्या सीटवर एक उशी ठेवायची. निळी, पांढऱ्या काठाची, स्वतः शिवलेली. झालं. गिऱ्हाईक बसायचं आणि म्हणायचं, ‘‘वा, काय छान उशी आहे हो.’’

‘‘आमच्याकडून भेट,’’ धाकटी म्हणायची. गिऱ्हाईक खूश, बाबा खूश. महिनाभर रेझिनच्या वासात डोकं धरून बसलेली थोरली मात्र मागे हात पुसत उभी. बाबा गिऱ्हाइकाला अभिमानाने सांगायचे, ‘‘ही माझी धाकटी. हिच्या हातून रिकामं कोणी परत जात नाही.’’ थोरलीला फार काही नको होतं. ‘ही बोट माझ्या थोरलीने बांधली’ एवढं एक वाक्य बाबांनी कोणासमोर तरी म्हणावं, बस्स. सात वर्षांत ते वाक्य काही त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं.

अशात तलावावरच्या क्लबचा मॅनेजर येणार असं ठरलं. त्याला एकदम दहा बोटी हव्या होत्या, पण तो स्वतः पाण्यात चालवून बघणार होता. थोरलीने ठरवलं, आज बघूच. माझी बोट माझ्या जिवावर विकली जाते की हिच्या शिवणकामावर, याचा एकदाचा निकाल लागू दे. सकाळी सगळ्यांच्या आधी ती कारखान्यालगतच्या धक्क्यावर गेली, पाण्यात उतरवून ठेवलेल्या बोटीच्या सीटवरची उशी उचलली आणि शेडमधल्या कपाटात कोंबून कुलूप लावलं. खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं.

धाकटी आली ती शोधतच. ‘‘ताई, उशी कुठंय?’’

‘‘मला काय माहीत? उशा तुझं खातं.’’

‘‘ताई, मस्करी नको. आज उशी पाहिजेच.’’

‘‘का गं? बोट काय उशीवर तरंगते?’’

धाकटीचा चेहरा उतरला. ती काहीतरी बोलणार होती, पण तेवढ्यात मॅनेजरची गाडी आली आणि ती हसत पुढे झाली. हसणं तिला कधीही जमायचं, याचाही थोरलीला राग होता.

मॅनेजर चारचौघांसारख्या उंचीचा, शांत माणूस. तो चालकाच्या सीटवर बसला, शेजारी धाकटी, मागे बाबा आणि थोरली. बोट हळू होती तोवर सगळं ठीक होतं. मग त्याने वेग वाढवला. वेग घेताना बोटीचं नाक वर उचलतं, ते उचललं, आणि मॅनेजरच्या समोर नुसतं पांढरं फायबर आणि वर आभाळ. तो मान लांब करून बघायला लागला, मग अर्धा उठला. तेवढ्यात खोल पाण्याची खूण म्हणून बांधलेला लाल पिंप बोटीला जवळजवळ घासून मागे गेला. त्याने घाईने वेग कमी केला.

‘‘मला समोरचं काही दिसतच नाही,’’ तो म्हणाला. ‘‘माझ्याकडे रोज नवशिके येणार. कोणाच्या मापाने बसवलीय ही सीट?’’

थोरलीच्या लक्षात आलं. कोणाच्या म्हणजे काय? तिच्याच. लहानपणी धाकटी तिला ‘शिडी’ म्हणून चिडवायची, अशी ती ताडमाड. शाळेतल्या फोटोत तिची जागा कायम मागच्या रांगेत. बाबा बेताच्या उंचीचे, त्यांची शिस्त त्यांच्या अंगाला बरोबर होती. ती तशीच्या तशी शिडीने पुढे चालवली, आणि सात वर्षं प्रत्येक बोटीची सीट चार बोटं खाली बसली. आणि त्यावर चार बोटं जाडीची, घट्ट भरलेली उशी.

‘‘चूक माझी आहे,’’ धाकटी म्हणाली. ‘‘सीट खाली असली की बोट दिसायला छान दिसते, म्हणून मीच तसं करायला सांगितलं.’’

थोरलीचे डोळे भरून यायला हवे होते. पण आला तो संताप. गिऱ्हाईक हिचं, कौतुक हिचं, बाबा हिचे, आणि आता माझी चूकसुद्धा हीच घेणार? एक तरी गोष्ट माझी राहू देशील का?

‘‘ती काय सांगणार?’’ थोरली म्हणाली. ‘‘तिला पाना धरता येत नाही. बोट मी बांधली. सीट माझ्या मापाची आहे. चूक माझी.’’

मॅनेजरने मागे वळून तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि त्याला हसू आलं. ‘‘मग बरोबर. तुम्हाला दिसत असेल सगळं.’’ जरा थांबून तो म्हणाला, ‘‘बाकी बोट झकास आहे. एवढं करकचून वळवलं तरी हलली नाही. तळ कसा केलाय?’’

बाबा घसा खाकरून म्हणाले, ‘‘ही माझी थोरली. बोटी हीच बांधते. तळाचं तिलाच विचारा.’’

मग काय विचारता. धक्क्यावर आल्यावर बोट वर ओढून घेतली आणि मॅनेजर अंगातल्या चांगल्या शर्टासकट खाली शिरला. ‘सीट वर घ्या, दहा बोटी पक्क्या,’ एवढं म्हणून तो तळावर हात फिरवत प्रश्नांवर प्रश्न विचारत राहिला. थोरली सांगत होती, बाबा शेजारी उकिडवे बसून ऐकत होते. धाकटी कागदांची फाईल घेऊन लांब उभी होती. तिला कोणी काही विचारत नव्हतं.

थोरली उठून टॉर्च घेऊन आली, आणि परतताना बहिणीपाशी थांबली. ‘‘तुला आधीपासून माहीत होतं?’’

‘‘पहिल्या बोटीपासून.’’

‘‘मग सांगितलं का नाहीस मला?’’

धाकटीने फाईल छातीशी धरली. ‘‘सांगितलं असतं तर तू सीट वर घेतली असतीस. मग माझं त्या बोटीत काय उरलं असतं, ताई? सगळी बोट तर तूच बांधायचीस.’’

बहिणीच्या चेहऱ्यावर जे होतं, ते थोरलीला अगदी नीट ओळखता आलं.

‘‘मॅडम, जरा इकडे या,’’ मॅनेजरने बोटीखालून हाक मारली. दोघींनी माना वळवल्या. त्याने बोट दाखवलं ते थोरलीकडे.

चल, तूही चल, असं बहिणीला म्हणायला हवं, हे थोरलीला कळत होतं. टॉर्च घेऊन ती एकटीच गेली.