वडिलांचे दोन बनियन

वडिलांच्या जुन्या बनियनवर शेताचं भवितव्य ठरवायचं, ही कल्पना थोरलीचीच. त्यामुळे चिडायचं तरी कुणावर, हाही प्रश्नच होता.

शेताचे दोन तुकडे होते. अलीकडचा वडिलांचा: हंगामाला दोनदा नांगरलेला, ढेकूळ दिसलं की फोडलेलं, गवताची काडी दिसली की उपटलेली. पलीकडचा थोरलीचा: तीन वर्षांत तिथे नांगर शिरला नव्हता. कापणीनंतरची धाटं जिथल्या तिथे पडलेली आणि माती उघडी पडू नये म्हणून त्यांच्यातच घेवडा पेरलेला. "हे शेत आहे की विस्कटलेलं अंथरूण?" असं वडील येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत, आणि ते मेले मनापासून हसत. यंदा पेरणीआधी दोन्ही तुकडे नांगरायचे, असं वडिलांनी जाहीर करून टाकलं. तीन वर्षांच्या मेहनतीवर एका सकाळीत पाणी फिरणार होतं.

"जिवंत माती सुती कापड खाते, बाबा," थोरली म्हणाली. "दोन्हीकडे तुमचा एकेक बनियन पुरू. दोन महिन्यांनी माझ्याकडचा जास्त खाल्लेला निघाला, तर नांगर माझ्या तुकड्यात यायचा नाही."

"आणि नाही निघाला तर?"

"तर मी स्वतः ट्रॅक्टरवर बसते."

पहिल्या खेपेला आईनं घोळ घातला. पुरल्याच्या खुणेसाठी ठोकलेली खुंटी पाहून, ही शेतात कसली, म्हणून तिनं उकरलं, बनियन काढला, धुतला आणि घडी घालून कपाटात ठेवला. वडील तो घालून आठवडाभर हिंडले.

"अगं आई, तो मुद्दाम पुरला होता!"

"धडधाकट बनियन कुणी पुरतं का? मेलाय का तो?"

थोरलीनं कपाळावर हात मारला आणि दोन्ही बनियन नव्यानं पुरले. त्या घोळात पेरणी तोंडावर आली. ट्रॅक्टरवाल्याला सोमवार दिला गेला. दोन महिने भरले ते नेमके रविवारी.

त्या सकाळी वडिलांनी आधी आपल्या तुकड्यातला बनियन काढला. मातीचे डाग सोडले तर उद्या अंगात घालावा असा. "बघ, कसा शाबूत!" त्यांनी तो अभिमानानं झटकला.

"बाबा, शाबूत म्हणजे हरलात तुम्ही! किती वेळा सांगू?"

"हरलो की जिंकलो ते तुझा निघाल्यावर ठरेल."

थोरलीनं आपल्या खुंटीपाशी खणलं. काहीच नाही. वीतभर आणखी खणलं. गांडुळं निघाली, मुळं निघाली, पण बनियनची चिंधीसुद्धा नाही. वडील हाताची घडी घालून उभे होते. "तू पुरलाच नसशील," ते म्हणाले. थोरलीच्या डोळ्यांत संतापानं पाणी आलं. माती इतकी चांगली निघाली होती, पण बनियनच नाही म्हटल्यावर थोरलीच खोटी ठरत होती.

मग तिला बांधावर उभी असलेली आई दिसली. "आई! पुन्हा धुतलास ना?"

"शपथ घे हवं तर माझ्याकडून! घरात चार बनियन आहेत, चारही दोरीवर वाळताहेत." आई तणतणत आली आणि उकरलेल्या ढिगाशी बसली. "घरात काही हरवलं की माझंच नाव." बोलता बोलता तिनं ढिगातून काहीतरी चिमटीत धरून वर उचललं. दोन गोल कडी होती, नुसत्या दोऱ्याची, मध्ये काही नसलेली. "ही माझी शिवण आहे."

"कसली शिवण?"

"बाह्या उसवल्या होत्या ना यांच्या, दोन्ही बनियनच्या? नायलॉनच्या दोऱ्यानं मीच टाके घातले होते. हा बघा माझा दुहेरी टाका."

कापड मातीनं सगळं खाल्लं होतं. उरला होता तो फक्त दोरा. वडिलांनी ती कडी तळहातावर घेतली. मग दुसऱ्या हातातल्या बनियनकडे पाहिलं. त्याच्याही बाह्यांना तोच टाका होता, आणि त्याला सगळा बनियन चिकटलेला होता.

"माझ्या मातीनं घासच घेतला नाही गं," ते म्हणाले. "तीस वर्षं राबलो हिच्यासाठी."

त्यांनी खिशातून फोन काढला. "उद्या येऊ नकोस," त्यांनी ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं. "नाही, नाही. माझ्या तुकड्यातसुद्धा नको." फोन ठेवून ते थोरलीवरच खेकसले, "बघत काय बसलीस? घेवड्याचं बी किती लागेल ते सांग."

आईनं तोवर त्यांच्या हातातला बनियन काढून घेतला होता. "मग हा धुऊ का आता?"

"नको!" बापलेक एकदमच ओरडले.