माझ्यासमोरचा निळा डोळा

मित्रांनो, टक लावून बघत राहणे हे ज्याचे आयुष्य, असा मी कॅमेऱ्याचा एक जुना डबा आहे. कैरो ते मिन्या धावणाऱ्या मिनीबसमध्ये, स्टिअरिंगसमोर, मला बसवले आहे. चालकाचे डोळे दोन सेकंद मिटले की किंचाळायचे आणि मालकाच्या कचेरीत कळवायचे, एवढेच माझे शिक्षण.

आमचा चालक उस्ता शहाता भला माणूस. पहिल्या आठवड्यात मी नऊ वेळा किंचाळलो. त्याने नऊ वेळा माझी माफी मागितली. पण त्याची आई, हाज्जा नबविय्या, हिला मी खपलो नाही.

"मेलं दिवसभर माझ्या लेकराकडे डोळे वटारून बघतंय! दृष्ट लागेल."

"आई, यंत्र आहे ते."

"यंत्राला डोळा आहे ना? मग झालं!"

तिने दृष्टीचा निळा मणी नेमका माझ्या तोंडासमोर टांगला. त्यावर टपोरा डोळा रंगवलेला होता. मला तोच दिसू लागला. तो काही मिटेना. मी तसे प्रामाणिकपणे कळवत राहिलो. अकरा दिवस पापणी न लवल्याबद्दल कचेरीने उस्ताला बक्षीस दिले. उशी. शंका कुणालाच आली नाही.

मग रमजान आला. एका दुपारी बसमध्ये चौदा प्रवासी पेंगत होते. पुढच्या सीटवर हाज्जा बसली होती, मांडीवर लेकीकडे न्यायचे कुनाफा मिठाईचे ताट. उस्ता पहाटेच्या सहरीपासून जागा. बस हळूहळू वाळूकडे वळू लागली. मला मात्र डोळा ताजातवाना दिसत होता.

चाक खड्ड्यात आदळले, मणी बाजूला झुलला, आणि मागे उस्ताचे मिटलेले डोळे दिसले. मी जिवाच्या आकांताने किंचाळलो. बस एका दगडापासून हातभर अंतरावर थांबली.

"बघितलंस? मण्यानं वाचवलं!" हाज्जा म्हणाली.

उस्ताने मणी काढून तिच्या तळहातावर ठेवला. "आई, यानं माझी झोप झाकली होती."

हाज्जा मण्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "झोप आता. ती उशी घे."

"हाज्जा, इफ्तारला पोचायचंय!" मागून कुणीतरी ओरडले.

"जिवंत पोचायचंय का, ते आधी सांग!"

थंड हवेसाठी इंजिन चालू होते, म्हणून मीही चालू होतो. उस्ता वीस मिनिटे झोपला. मी वीस मिनिटे किंचाळलो. तो जागा झाला नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीची लेखी ताकीद आली : सलग वीस मिनिटे डोळे मिटले, सबब उशी परत करावी. उस्ताने ती दोनदा वाचली आणि घडी करून खिशात जपून ठेवली.

मित्रांनो, माझ्यासमोर काही टांगू नका. डोळे जड झाले की गाडी बाजूला घेऊन झोपा. ताकीद येईल. पण ती वाचायला तुम्ही असाल.