नाव कुठल्या गावचं

अबू गस्सानकाकांनी कॉफीचा कप पुढे सरकवला, तेव्हाच रिहाबला कळलं की काम होणार नाही. बैरूतला शिकायला जाणाऱ्या मुलांना गावचं मंडळ शिष्यवृत्ती देई आणि काका त्या मंडळाचे अध्यक्ष. त्यांच्यामागच्या भिंतीवर रिहाबचा फोटो अजून होता. बारावीला ती पहिली आली तेव्हाचा. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'गावची लेक'.

"नियम आहे पोरी. सरकारी नोंदीत ज्याचं नाव या गावात, त्यालाच पैसे. तू निकाह नोंदवलास ना, झालं! तुझं नाव उचलून त्यांनी नवऱ्याच्या, विसामच्या गावात नेऊन टाकलं."

"सासऱ्यांना घाई होती म्हणून नोंदवला, काका. वरात तर विसाम आफ्रिकेतून आल्यावर निघणार. मी राहते इथेच, आईकडे."

"मग सासरच्या मंडळाला विचार की."

"विचारलं. ते म्हणाले, आधी सून म्हणून नांदायला या, मग बघू."

बसची वेळ सांगावी तसं ती हे सांगत होती. सकाळपासून तिला ना राग आला होता, ना रडू. कडू कॉफी तिनं साखर न मागता पिऊन टाकली.

काकांना तिची ती थंड नजर सोसवेना. काहीतरी बोलायचं म्हणून ते हसून म्हणाले, "एक उपाय आहे बघ. घे तलाक! नाव आपोआप माहेरी परत येतं."

रिहाबनं रिकामा कप बशीत ठेवला.

"किती दिवसांत येतं?" तिनं विचारलं. "अर्जाची मुदत महिनाअखेरपर्यंतच आहे."